ध्रुवपद हात बदलतं : टेलर स्विफ्टच्या सुरुवातीच्या गाण्यांवरच्या कामाच्या नोंदी

१ जून २०२५

परवा, ३० मे रोजी, अमेरिकी गायिका-गीतकार टेलर स्विफ्टनं जाहीर केलं की पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणं आता तिच्या मालकीची आहेत. २०१९ मध्ये 'बिग मशीन' ही तिची जुनी कंपनी विकली गेली आणि पुढच्याच वर्षी ती मुद्रणं पुन्हा तिसऱ्याच्या हाती गेली. तेव्हापासून तिची गीतं एकत्र बसून वाचणाऱ्या आम्हा मैत्रिणींपैकी बऱ्याच जणींनी ती वाजवणं सोडलं होतं. तिनं स्वतःच्या मालकीची म्हणून पुन्हा गायलेली आवृत्ती आली की तीच ऐकायची, हा आमचा नेम. पण पहिल्या अल्बमची तशी आवृत्ती अजून बाहेर आलेली नाही. तो पूर्ण गाऊन झाला आहे एवढंच तिनं परवाच्या पत्रात लिहिलंय. त्यामुळे २००६ चा तो अल्बम आमच्या वाचनात कायम मागच्या बाकावर राहिला. आता त्याच्यापासूनच सुरुवात करायची.

काम असं ठरलं. मूळ अल्बममध्ये ११ गाणी आहेत. प्रत्येक गाण्याचा एक नकाशा करायचा. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, काळ कोणता, ध्रुवपद दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा येताना त्यातला कोणता शब्द बदलतो, हे सगळं त्यात मांडायचं. चाल आणि सुरावटीची बाजू गिटार वाजवणारी मैत्रीण बघेल, शब्द मी बघेन.

एक नियम पहिल्याच दिवशी घातला. गाणं कोणत्या मुलावर लिहिलंय, हे नकाशात येणार नाही. ती सगळी शाळेतली मुलं होती, त्यांनी कुठलंही गाणं मागितलं नव्हतं. शिवाय नाव सापडलं की वाचणारा तिथेच थांबतो, असं मला वर्षानुवर्षं दिसत आलंय. "हे अमक्याबद्दल आहे" म्हटलं की गाणं संपल्यासारखं वाटतं, आणि खरं तर ते तिथून पुढे सुरू होतं.

४ जून

श्रेयनामावली आधी लिहून काढली. ११ पैकी ३ गाणी तिची एकटीची : 'दि आउटसाइड', 'शुड्व्ह सेड नो' आणि 'अवर साँग'. ७ गाणी अनुभवी गीतकार लिझ रोझ यांच्यासोबत, त्यांतल्या 'मेरीज साँग'ला ब्रायन माहर यांचाही हात. उरलेलं 'अ प्लेस इन धिस वर्ल्ड' रॉबर्ट एलिस ऑरल आणि अँजेलो पेट्राग्लिया यांच्याबरोबर.

ही नावं आधी लिहायचं कारण आहे. अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये गाणं जोडीनं लिहायची पद्धत आहे. दोन-तीन जण वेळ ठरवून खोलीत बसतात आणि उठेपर्यंत गाणं उभं करतात. चौदाव्या वर्षी टेलरनं सोनी/एटीव्ही या संगीत प्रकाशन कंपनीशी गीतकार म्हणून करार केला आणि शाळा सुटल्यावर ती अशा बैठकांना जाऊ लागली. लिझ रोझ यांनी नंतर सांगितलंय की त्यांचं काम मुख्यतः संपादकाचं होतं. मुलगी शाळेत काय घडलं ते घेऊन यायची आणि तिला काय म्हणायचंय ते तिला आधीच ठाऊक असायचं. तरी संपादन म्हणजे काही थोडकं काम नव्हे. कुठे थांबायचं आणि काय गाळायचं, हे ज्या माणसापाशी बसून ती शिकली, त्या माणसाचं नाव नकाशात ठळक यायलाच हवं.

७ जून

अल्बमच्या पुस्तिकेबद्दल. गीतं तिनं सगळी लहान अक्षरांत छापली आणि मधूनच एखादं अक्षर मोठं ठेवलं. ती मोठी अक्षरं ओळीनं वेचली की निरोप तयार होतो. 'कोल्ड ॲज यू'मध्ये 'टाइम टू लेट गो', 'टाइड टुगेदर विथ अ स्माइल'मध्ये 'यू आर लव्ह्ड', 'दि आउटसाइड'मध्ये 'यू आर नॉट अलोन'. लोकांनी गीतं नीट वाचावीत म्हणून ही युक्ती केली, असं तिनंच पुढे सांगितलं.

सोळा वर्षांची मुलगी पहिला अल्बम काढते आणि तिला काळजी कशाची, तर शब्द कुणी वाचतील की नाही याची! मला हे फार मोलाचं वाटतं. आज तिचे चाहते एकेक अक्षर उलटंपालटं करून बघतात त्याची चेष्टा होते. पण ती सवय तिनंच लावली, तीही पहिल्या पुस्तिकेपासून. फक्त पुढे झालं असं, की मोठी अक्षरं वेचता वेचता लोकांचं लक्ष लहान अक्षरांवरून उडालं.

१४ जून

'टिम मग्रॉ', म्हणजे एका कंट्री गायकाचं नाव. अल्बमचं पहिलं गाणं, तिचं पहिलं सिंगल (सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं), जून २००६. नववीत गणिताच्या तासाला सुचलेलं आणि लिझ रोझ यांच्यासोबत पूर्ण केलेलं. मित्र कॉलेजसाठी दूर जाणार, हे माहीत असताना लिहिलेलं. म्हणजे वियोग व्हायच्या आधीच ती त्याची आठवण लिहून ठेवते.

नकाशा काढताना सर्वनामांना रंग दिले आणि चित्र स्पष्ट झालं. पहिल्या कडव्यात मुलगा 'तो' आहे. तो माझ्या डोळ्यांची स्तुती करतो, मी म्हणते खोटं. त्याचा ट्रक आडवाटेवर अडकतो. मग ध्रुवपद येतं आणि तो एकदम 'तू' होतो. तुला हा गायक आठवला की माझं आवडतं गाणं आठवू दे, तळ्यावरचं चांदणं आठवू दे, मी आठवू दे. दुसऱ्या कडव्यातही 'तू'. तिथेच खाटेखालच्या खोक्यातलं एक पत्र येतं, तू कधीच न वाचलेलं, तीन उन्हाळ्यांपूर्वीचं. हे पत्र सहज सांगितल्यासारखं येऊन जातं, पहिल्यांदा ऐकताना लक्षातही राहत नाही.

मग ब्रिज, म्हणजे शेवटच्या ध्रुवपदाआधीचा वेगळ्या चालीचा तुकडा. ती त्याच्या गल्लीत परत आलीय, दाराशी पत्र ठेवलंय, आणि तू पहिल्यांदा वाचशील ते हे... आणि ध्रुवपद सुरू होतं.

म्हणजे आपण दोनदा ऐकलेलं ध्रुवपद हेच पत्र होतं! पहिल्या दोन वेळी ते मनातलं वाटतं, तिसऱ्यांदा त्याला कागद मिळतो. शब्द जवळजवळ तेच राहतात, पण आता ते गोष्टीच्या आत पडलेले असतात, कुणीतरी वाकून उचलावेत असे. आणि गाणं संपताना पहिल्या ओळी परत येतात तेव्हा मुलगा पुन्हा 'तो' झालेला असतो. पत्र देऊन झालं, बोलणं संपलं, आता पुन्हा त्याच्याविषयी बोलायचं.

गिटारवालीचं म्हणणं पडलं, "अगं, हे सगळं तिनं ठरवून केलं असेल कशावरून? सर्वनामं अशीच येतात बोलताना." प्रश्न रास्त आहे. एका गाण्यावरून काहीच ठरत नाही. पुढचं गाणं घेतलं.

(मे २००७ मध्ये पुरस्कार सोहळ्यात तिनं हे गाणं पुढच्या रांगेत बसलेल्या खऱ्या टिम मग्रॉंसमोर म्हटलं, मग पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेली आणि आपली ओळख करून दिली. याचा नकाशाशी काही संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.)

१५ जून

'अवर साँग'. अल्बमचं शेवटचं गाणं. नववीत शाळेच्या कलागुण कार्यक्रमासाठी तिनं एकटीनं लिहिलेलं. डिसेंबर २००७ मध्ये ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत पहिलं आलं तेव्हा ती नुकतीच १८ वर्षांची झाली होती.

हे गाणं बहुतेकांना हसतंखेळतं म्हणून आठवतं. बँजो, फिडल, उड्या मारणारी चाल. मीसुद्धा ते तसंच ऐकत आले. पण नकाशा मांडला आणि रात्री उशिरापर्यंत उठवेना.

पहिलं कडवं गाडीत. ती म्हणते, आपल्या दोघांचं असं गाणंच नाही. त्यावर तो बोलतो, आणि ध्रुवपद हे त्याचं बोलणं आहे. आपलं गाणं म्हणजे धाडकन लागणारं जाळीचं दार, रात्री चोरून येऊन तुझ्या खिडकीवर वाजवलेली टिकटिक, फोनवरचं तुझं हळू बोलणं, कारण तुझ्या आईला ठाऊक नाही. पहिल्या भेटीत तिचं चुंबन घ्यायला हवं होतं, राहून गेलं, ही चुटपुटसुद्धा त्याचीच.

दुसरं कडवं. दिवस वाईट गेलाय, ती घरी येते, आणि खोलीकडे जाताना गुलाबं आणि चिठ्ठी दिसते. चिठ्ठीत काय? तेच ध्रुवपद. आता ते त्याच्या हस्ताक्षरात आहे.

मग ती म्हणते, मी सगळे अल्बम ऐकले, रेडिओ ऐकला, आपल्या गाण्याइतकं चांगलं काही सापडेना. आणि तिसऱ्यांदा ध्रुवपद येतं तेव्हा सगळी सर्वनामं उलटलेली असतात. त्याची खिडकी, त्याचं हळू बोलणं, त्याच्या आईला ठाऊक नाही, त्याचं चुंबन घ्यायला हवं होतं. आता गाते ती. मग पहिली ओळ परत, त्याच्या गाडीतली पुढची सीट, आणि ती पेन आणि जुना कागदी रुमाल घेऊन आपलं गाणं लिहून काढते.

पहिल्यांदा तोंडचे शब्द, दुसऱ्यांदा चिठ्ठी, तिसऱ्यांदा गाणं. ध्रुवपद हातोहात पुढे जातं आणि शेवटी लिहिणाऱ्या मुलीच्या हातात येऊन थांबतं. शिवाय आपण जे ऐकत होतो तेच तिनं त्या रुमालावर लिहिलेलं आहे. चौदा-पंधराव्या वर्षी, कुणाच्याही मदतीशिवाय, शाळेच्या कार्यक्रमासाठी!

गिटारवालीनं दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, "बरं, पटलं. सर्वनामं अशीच येत नाहीत."

२१ जून

आज बाकीची गाणी भराभर.

'मेरीज साँग' शेजारच्या वृद्ध जोडप्यावर आहे. सात आणि नऊ वर्षांची मुलं गाण्याच्या शेवटी सत्त्याऐंशी आणि एकोणनव्वद होतात, आणि सुरुवातीची चांदण्यांची उपमा तिथे जशीच्या तशी परत येते. वय बदलतं, नजर बदलत नाही. सुंदर आहे, पण रचना सरळ आहे.

'टियरड्रॉप्स ऑन माय गिटार'बद्दल थोडं जास्त. ते ज्या ओळीनं सुरू होतं त्याच ओळीनं संपतं. तो माझ्याकडे बघतो, मी खोटं हसते. काहीच बदलत नाही. आधी मी याला 'कलाटणी नाही' या रकान्यात टाकणार होते, पण न बदलणं हाच इथे आशय आहे. त्या मुलाला काही कळलेलंच नाही, मग ध्रुवपद हात कसं बदलणार?

'शुड्व्ह सेड नो' अल्बमचं काम संपत असताना आत आलं. मथळा म्हणतो, तू नाही म्हणायला हवं होतंस. ब्रिजमध्ये ती विचारते, याचं मोल होतं का? आणि उत्तर तीच देते, नाही, नाही. जो शब्द त्यानं उच्चारायला हवा होता तो शेवटी तिच्या तोंडी येतो. छोटी गोष्ट आहे, पण जातकुळी तीच.

'पिक्चर टू बर्न', 'स्टे ब्यूटिफुल', 'अ प्लेस इन धिस वर्ल्ड' यांत असं काही नाही. 'दि आउटसाइड' तिनं बाराव्या वर्षी लिहिलं. त्यात गोष्ट नाही, माणसं नाहीत, फक्त एकटेपण आहे, आणि ध्रुवपद प्रत्येक वेळी तिथल्या तिथे उभं राहतं. बाराव्या वर्षापासून चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत केवढं अंतर कापलंय, ते हे गाणं आणि 'अवर साँग' शेजारी ठेवले की दिसतं.

२८ जून

बैठकीत बराच वाद झाला, आणि चांगला झाला. एक मैत्रीण म्हणाली की ही कलाटणी लिझ रोझ यांच्याकडून आलेली असणार, अनुभवी त्या होत्या. दुसरी म्हणाली, कंट्री संगीतात शेवटच्या कडव्यात गोष्ट फिरवणं ही जुनीच रीत आहे, यात टेलरचं काय?

दोन्ही गोष्टी तपासता येतात. रीत जुनी आहे हे खरंच, आणि ती याच संगीतावर वाढली. पण त्या रीतीत साधारणपणे कडवं नवी बातमी आणतं. बाप वारला, मूल झालं, वर्षं लोटली, आणि त्या बातमीच्या उजेडात जुनं ध्रुवपद वेगळं वाटतं. टेलर ध्रुवपदाचीच वस्तू करते, पत्र किंवा चिठ्ठी, आणि ती कुणाच्या तरी हाती देते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

रोझ यांच्याबद्दल म्हणायचं तर 'अवर साँग' एकटीचं आहे. दुसरा पुरावा 'लव्ह स्टोरी', २००८ च्या 'फिअरलेस' अल्बममधलं, तेही एकटीचं. ध्रुवपदाचा शेवट 'जस्ट से येस' असा. पहिल्यांदा मुलगी मुलाला म्हणते, मला दूर घेऊन चल, फक्त हो म्हण. शेवटी मुलगा गुडघ्यावर बसतो, अंगठी काढतो आणि ध्रुवपद त्याच्या तोंडी जातं. लग्न कर माझ्याशी, तुझ्या वडिलांशी बोललोय, फक्त हो म्हण. तेच तीन शब्द, बोलणारा दुसरा. आणि नेमक्या त्याच जागी चाल पूर्ण एका स्वरानं वर चढते. गिटारवालीनं ते वाजवून दाखवलं. बोलणारा बदलतो तेव्हाच पट्टी बदलते, आधी नाही आणि नंतर नाही.

म्हणून नकाशात असं लिहितोय : साधन तिचं स्वतःचं होतं, त्याची धार रोझ यांच्यासोबत बसून वाढली. एका मैत्रिणीला हे अजून पूर्ण मान्य नाही. तिचं मत शेजारी तसंच लिहून ठेवलं आहे.

५ जुलै

पाचव्या क्रमांकाबद्दल एक नोंद, कारण विषय आमच्यासारख्यांचाच आहे. पहिल्या अल्बममध्ये पाचवं 'कोल्ड ॲज यू', नंतर 'व्हाइट हॉर्स', 'डिअर जॉन', 'ऑल टू वेल'. अल्बममधलं सर्वांत उघडं, दुखरं गाणं पाचवं असतं हे चाहत्यांनी हेरलं. २०१९ मध्ये 'लव्हर' हा अल्बम येताना तिनं सांगितलं की हे आपल्याकडून नकळत होत होतं, चाहत्यांनी दाखवल्यावर आपण ते जाणून करू लागलो. 'दि आर्चर' हे तसं जाणून ठेवलेलं पाचवं गाणं.

बारकाईनं वाचणारे लोक लिहिणाऱ्याच्या कामात भर घालू शकतात, याचा एवढा स्वच्छ दाखला मला दुसरा ठाऊक नाही. आमच्यातल्या नव्या मुली विचारतात की एवढं खणून काय मिळतं, त्यांना मी आता हेच सांगते.

सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलच्या गीतकार संघटनेचा पुरस्कार घेताना तिनं आपल्या गीतांचे तीन प्रकार सांगितले, पिसाची लेखणी, शाईचं पेन आणि चमकीचं जेल पेन. या वर्गवारीत पहिला अल्बम बसवून बघितला, पण फार हाती लागलं नाही. ते प्रकार शब्दकळेचे आहेत, आम्ही बघतोय ती रचना. सोडून दिलं.

१२ जुलै

'ऑल टू वेल', २०१२. पुन्हा लिझ रोझ सोबत. लांबलचक मसुदा छाटायला त्यांनी मदत केली हे सगळ्यांना माहीत आहे. १० मिनिटांची आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली आणि बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या मुख्य लोकप्रियता यादीत पहिली ठरली. गाण्यातला तिचा स्कार्फ कुणाकडे आहे यावर चाहत्यांनी काय काय लिहिलंय! आम्ही तो प्रश्न विचारत नाही. आम्ही बघतो तो गाण्यात कुठे ठेवलाय आणि कुठे परत येतो.

पहिल्याच कडव्यात स्कार्फ मित्राच्या बहिणीच्या घरी राहून जातो, सहज, बोलता बोलता. 'टिम मग्रॉ'मधलं खाटेखालचं पत्र आलं होतं, अगदी तसाच. मग बराच वेळ त्याचं नाव नाही. पुन्हा पुन्हा येतं ते 'मला सगळं नीट आठवतं'. आणि शेवटी बाकीच्या वस्तू परत येतात, पण स्कार्फ तू ठेवून घेतलास, टाकवत नाही तुला, कारण तुला सगळं नीट आठवतं. 'मला'चं 'तुला' झालं. आख्खं गाणं जी आठवण एकटी वाहत होती, ती तिनं त्याच्या पदरात टाकली.

'टिम मग्रॉ'मध्ये ती विनवते, तुला मी आठवू दे. सहा वर्षांनी ती विनवत नाही, सांगते : तुला आठवतं. पत्र त्याच्या दाराशी ठेवावं लागलं होतं, स्कार्फ आधीपासूनच त्याच्याकडे आहे. ही दोन गाणी शेजारी ठेवल्याशिवाय मला हे दिसलं नसतं, आणि दोन्हींवर त्याच दोघींची नावं आहेत.

१९ जुलै

'बेटी', २०२० च्या 'फोकलोअर' अल्बममधलं. पहिल्या अल्बमपासून १४ वर्षं लोटली, कंट्री सोडून पॉपमध्ये जाऊन ती एव्हाना तिसरीकडे पोहोचली होती, आणि इथे अचानक हार्मोनिका, समारंभ, अंगण, सतरा वर्षांचा मुलगा. या वेळी सांगणारी ती नाहीच, चूक केलेला तो मुलगा बेटी नावाच्या मुलीशी बोलतो.

ध्रुवपद सगळं 'जर'वर उभं आहे. मी तुझ्या पार्टीला आलो तर? तू मला घेशील का, की हाकलशील? गाणंभर तो मनातल्या मनात तालीम करतो. मग पट्टी वर चढते, आणि 'जर' गळून पडतं : आलोय मी तुझ्या पार्टीला. ध्रुवपद आता घडतंय.

गिटारवालीनं 'लव्ह स्टोरी' आणि 'बेटी' यांच्या चढणाऱ्या जागा लागोपाठ वाजवल्या. दोन्हीकडे चाल चढते ती मुलगा समोर येऊन बोलतो तेव्हाच. पण 'लव्ह स्टोरी'त मुलगी वाट बघत असते आणि उत्तर तिला मिळतं. 'बेटी'त वाट बघणारा तोच आहे, आणि बेटीनं काय म्हटलं ते तिच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. कार्डिगन, गाडीतलं चुंबन, सगळं येतं, पण सांगणारा तोच. खरंच घडलं की त्याला हवं होतं म्हणून त्यानं रचलं, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटात. एकच ध्रुवपद तीन हातांतून नेणारी लेखिका बेटीला एकही ओळ देत नाही, ते मला अजाणता झालेलं वाटत नाही.

नकाशांचा क्रम आता पक्का केला : 'दि आउटसाइड', 'टिम मग्रॉ', 'अवर साँग', 'लव्ह स्टोरी', 'ऑल टू वेल', 'बेटी'. 'टियरड्रॉप्स' 'अवर साँग'च्या शेजारी ठेवायचं, म्हणजे हात बदलणारं आणि न बदलणारं ध्रुवपद एका नजरेत दिसेल. 'बेटी'च्या नकाशात तिच्या नावाचा रकाना रिकामाच छापायचा.